लिहिलं कधी, छापलं कधी? रशियन मानसशास्त्राची दोन सालं

मृण्मयी_वाई (धागाकर्ती) · रविवार, रात्री ९.१०

वडील गेल्यावर त्यांचं पुस्तकांचं कपाट मी यंदा पहिल्यांदा उघडलं. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागायचं, तिथून ते दरवर्षी पिशवी भरून आणायचे. जाड पुठ्ठा, छान कागद आणि किंमत वहीएवढी. त्यात मॉस्कोत छापलेलं एक मानसशास्त्राचं पुस्तक निघालं. एम.ए.ला असताना मी ते दोनदा अर्ध्यावर टाकलं होतं. पानोपानी मार्क्स आणि लेनिन, तेव्हा हे शास्त्र नसून प्रचार आहे असं मी ठरवून टाकलं होतं.

यावेळी मागची संदर्भसूची आधी वाचली आणि तिथेच अडकले. मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरियांचा उझबेकिस्तानातला अभ्यास १९३१-३२ चा, पुस्तक मात्र १९७४ चं. मग इतर नावं शोधत गेले. मानसशास्त्रातल्या पेचप्रसंगावर त्यांचे सहकारी लेव्ह व्हिगॉट्स्कींनी १९२७ च्या सुमारास लिहिलेला प्रबंध छापला गेला १९८२ साली. विचार आणि भाषा यांच्या नात्यावरचं त्यांचं मुख्य पुस्तक १९३४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत आलं, आणि त्यातला मजकूर पुन्हा छापला जायला १९५६ उजाडलं. लुरियांचं मानवी अंतर्द्वंद्वांवरचं पुस्तक १९३२ साली न्यूयॉर्कला इंग्रजीत निघालं. रशियनमध्ये आलं २००२ साली, लेखक जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

वहीत दोन रकाने आखले: लिहिल्याचं साल आणि छापल्याचं साल. या दोहोंमधली वर्षं कुठे गेली हे शोधताना जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे टोकावं.

क्रांतीच्या आधी मॉस्को विद्यापीठात गिऑर्गी चेल्पानोव यांनी मानसशास्त्राची संस्था उभी केली होती. पैसा दिला सर्गेई शुकिन या कापडाच्या बड्या व्यापाऱ्यानं, आणि संस्थेला नाव लागलं त्याच्या दिवंगत पत्नीचं. १९१२ साली सुरू झालेली ही संस्था युरोपातल्या चांगल्या प्रयोगशाळांच्या तोडीची होती. चेल्पानोव म्हणत, मानसशास्त्र हे अनुभवाचं शास्त्र आहे, त्याला कुठल्याच तत्त्वज्ञानाशी बांधू नका. जानेवारी १९२३ च्या परिषदेत त्यांच्याच हाताखाली तयार झालेले कोर्निलोव उठले आणि म्हणाले की मानसशास्त्र मार्क्सवादाच्या पायावरच उभारायला हवं. त्याच वर्षी चेल्पानोव संस्थेबाहेर गेले आणि त्यांच्या खुर्चीत कोर्निलोव बसले. पुढच्या जानेवारीत पेत्रोग्रादच्या परिषदेत गोमेलहून आलेला सत्तावीस वर्षांचा एक शिक्षक बोलला. कोर्निलोवांनी त्याला मॉस्कोला बोलावून घेतलं. तो व्हिगॉट्स्की.

म्हणजे ज्या हातानं चेल्पानोवांना घालवलं त्याच हातानं व्हिगॉट्स्कींना दार उघडलं. ही गोष्ट मला पचायला जड गेली. मी मनात सरळ रेषा ओढून ठेवली होती, की आधी शास्त्र होतं, मग राजकारण आलं आणि शास्त्र मेलं. तसं ते घडलेलं नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातलं मॉस्को म्हणजे उधाण होतं. मनोविश्लेषणाची संस्था आणि तिचं बालगृह, कारखान्यांतल्या मानसतंत्राच्या प्रयोगशाळा, बालकाचा सगळ्या अंगांनी अभ्यास करणारी पेडॉलॉजी, बाहेरून दिसणाऱ्या प्रतिक्षेपांतूनच माणूस समजून घेऊ पाहणारं बेख्तेरेवांचं प्रतिक्षेपशास्त्र, माणूस उद्दीपनाला कसा प्रतिसाद देतो ते मोजणारं कोर्निलोवांचं प्रतिक्रियाशास्त्र, सगळं एकाच वेळी. यातल्या बहुतेकांना मनापासून वाटत होतं की नवा माणूस घडतो आहे आणि तो कसा घडतो हे सांगणं आपलं काम आहे.

मग एकेक दार मिटत गेलं. १९३० च्या आसपास मनोविश्लेषणाची संघटना संपली. १९३१ मध्ये कोर्निलोवांचं प्रतिक्रियाशास्त्रच पुरेसं मार्क्सवादी नाही असं ठरलं. आणि ४ जुलै १९३६ रोजी पक्षाच्या केंद्रीय समितीचा पेडॉलॉजीविरुद्धचा ठराव आला. बुद्धिमापनाच्या चाचण्या बंद, पेडॉलॉजिस्ट ही नोकरीच बंद, पुस्तकं ग्रंथालयाबाहेर. व्हिगॉट्स्की तोवर क्षयानं गेलेले होते, वय अवघं सदतीस. ठरावानंतर त्यांचं नाव घेऊन लिहिणंही अवघड झालं.

---

मास्तर_माणदेश · रविवार, रात्री १०.०२

ताई, फार मोलाचा धागा. आम्ही डी.एड.ला व्हिगॉट्स्की अर्धं पान शिकलो. नावापुढे कंसात १८९६-१९३४, खाली "निकटतम विकास क्षेत्र" आणि त्याची दोन ओळींची व्याख्या, पाच गुणांना हमखास. पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर, मूल स्वतः ज्ञान घडवतं असं मानणाऱ्या ज्ञानरचनावादाची प्रशिक्षणं सुरू झाली तेव्हा पुन्हा तेच नाव. मूल एकट्यानं जे करू शकतं आणि जाणत्याच्या मदतीनं जे करू शकतं, त्या दोहोंमधल्या पट्ट्यात शिक्षकानं काम करायचं. हे तर मी वर्गात रोज बघतो. पहिलीतल्या पोरीला तिसरीतला भाऊ हात धरून गिरवायला लावतो तेव्हा ते दिसतंच.

पण या माणसाची पुस्तकं त्याच्याच देशात वीस वर्षं मिळत नव्हती हे कुणी सांगितलं नाही. एक कळत नाही. एकमेकांच्या साह्यानं शिकण्याची गोष्ट करणारा माणूस समाजवाद्यांना का नकोसा झाला?

---

निरंजन_ठाणे · रविवार, रात्री ११.३०

लेख आवडला, पण दोन ठिकाणी मतभेद नोंदवतो.

एक, १९३६ चा ठराव निव्वळ दडपशाही म्हणून सोडून देता येणार नाही. चाचण्या घेऊन मुलांना "मागास" ठरवायचं आणि वेगळ्या शाळांत पाठवायचं, हे तेव्हा मोठ्या प्रमाणावर चाललं होतं. त्यात भरणा कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांचाच, कारण चाचण्या शिकलेल्या घरांतल्या मुलांना सोयीच्या. ठरावात ही तक्रार आहे आणि ती खोटी नव्हती. आपल्याकडे एखाद्या पोराला "ढ" म्हणून मागच्या बाकावर बसवलं की त्याचं काय होतं ते मास्तर जाणतात.

दोन, व्हिगॉट्स्कींना राजवटीबाहेरचा साधू करू नका. झारच्या काळात विद्यापीठांत यहुद्यांसाठी ठरलेल्या मोजक्याच जागा होत्या. त्यांचा प्रवेश चिठ्ठ्या टाकून झाला होता. गोमेलमधला यहुदी शिक्षक मॉस्कोच्या संस्थेत संशोधक झाला तो क्रांतीमुळे. ते मार्क्सवादी होते, मनापासून होते. आणि लुरियांच्या अभ्यासात उझबेक शेतकऱ्यांना प्रश्न विचारून "यांची विचारपद्धती अजून खालच्या पायरीवर आहे" असं म्हणण्यात मला साहेबी नजर दिसते.

---

मृण्मयी_वाई · सोमवार, सकाळी ७.१५

निरंजन, पहिला मुद्दा मान्य. मुलांवर शिक्के मारले जात होते हे खरंच. पण त्या ठरावानं शिक्का मारणाऱ्यासोबत शिक्क्याविरुद्ध लिहिणाऱ्यालाही बुडवलं. व्हिगॉट्स्कींचा सगळा झगडाच हा होता की चाचणी मुलाचा कालचा दिवस मोजते, उद्याचा मोजत नाही. मास्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. त्यांनी काय म्हटलंय हे कुणी पाहिलंच नाही. ते पेडॉलॉजीवर शिकवत आणि लिहीत होते, एवढं पुरलं.

दुसरा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. उझबेकिस्तानात त्या वर्षांत सामुदायिक शेतीची सक्ती चालू होती, जमिनी जात होत्या, बायकांसाठी साक्षरतेचे वर्ग निघत होते. लुरियांना दाखवायचं होतं की जगणं बदललं की विचार करण्याची रीत बदलते. प्रयोग साधे होते. हातोडा, करवत, ओंडका, कुऱ्हाड यांतलं वेगळं काय? निरक्षर शेतकरी म्हणायचे, काहीच वेगळं नाही, ओंडका नसेल तर करवत कापणार काय? किंवा: उत्तरेला जिथे बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या उत्तरेला आहे, तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? उत्तर यायचं, मी तिथे गेलो नाही, मला कसं ठाऊक?

आणि गंमत पाहा, मॉस्कोतल्या टीकाकारांनी नेमका तुमचाच आक्षेप घेतला, की सोव्हिएत जनतेतल्या एका घटकाला तुम्ही मागास ठरवता आहात. फरक एवढाच की तुमच्या आक्षेपाला लुरिया उत्तर देऊ शकले असते. तेव्हाच्या आक्षेपाला उत्तर द्यायची सोय नव्हती. वह्या कपाटात गेल्या त्या चाळीस वर्षं.

---

इंदू_लातूर · सोमवार, सकाळी ९.४०

ओंडक्याचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. मी बी.ए.ला असताना पाठ्यपुस्तकातला असलाच प्रश्न तिला घातला होता: विळा, खुरपं, कणीस, कोयता. ती म्हणाली, "कणीस काढून टाकल्यावर इळा काय भिताडाला लावायचा का?" मी तेव्हा हसले होते. आज वाटतं, तिला वर्गीकरण येत नव्हतं असं नाही. बाकीच्या तीन वस्तू "अवजारं" आहेत हे तिला ठाऊकच होतं, पण त्या माहितीचा तिला उपयोग नव्हता. निरंजन यांचा आक्षेप मला पटतो. पण माझ्या आजीचं उत्तर टिपून घेणारा कुणी नव्हता, उझबेक आज्यांची उत्तरं टिपून ठेवणारे लोक तरी होते, हेही खरं.

---

वाचाताई · सोमवार, दुपारी ३.२०

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलणं गेलेल्या रुग्णांबरोबर काम करते. लुरिया माझ्या रोजच्या कामात आहेत, म्हणून थोडं लिहिते.

१९३६ नंतर लुरिया पूर्ण वेळ वैद्यकाकडे वळले आणि १९३७ साली डॉक्टर झाले. आवड होतीच, पण मानसशास्त्रात उभं राहायला जागा उरली नव्हती हेही कारण होतं. महायुद्धात उरल भागातल्या किसेगाच इथे मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांसाठी त्यांनी रुग्णालय चालवलं. तिथे आणि त्यानंतर जे पाहिलं त्यातून वाचाघाताचे प्रकार आणि मेंदूच्या कुठल्या भागाचा कशात वाटा आहे याची मांडणी झाली. झासेत्स्की नावाचा त्यांचा एक सैनिक रुग्ण १९४३ मध्ये जखमी झाला. अक्षर आठवून लिहायचं म्हटलं की हात थांबायचा. विचार न करता हात चालू ठेवला की शब्द उतरायचा. असं करत त्यानं पंचवीस वर्षांत सुमारे तीन हजार पानं लिहिली, आणि स्वतः लिहिलेलं त्याला धड वाचता येत नसे.

लुरियांची एक चाचणी मी मराठीतून घेते. "वडिलांचा भाऊ" आणि "भावाचे वडील" यांत फरक काय? डाव्या मेंदूच्या मागच्या भागाला इजा असलेले काही रुग्ण इथे गोंधळतात. सगळे शब्द कळतात, शब्दांमधलं नातं सुटतं. एक आजोबा होते, त्यांना "काका" म्हटलं की लगेच कळायचं, पण "वडिलांचा भाऊ" म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. आपल्या भाषेत प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे, म्हणून घरच्यांशी बोलताना त्यांची अडचण झाकली जायची. चाचणीत ती उघडी पडायची.

आणि हे इतकं मोलाचं काम करणाऱ्या माणसालाही १९५० साली पुन्हा बाहेर काढलं. २८ जून ते ४ जुलै विज्ञान आणि वैद्यक अशा दोन अकादम्यांची संयुक्त बैठक भरली. त्यात ठरलं की मनाबद्दल आणि मेंदूबद्दल जे काही बोलायचं ते कुत्र्यांवरच्या प्रतिक्षेपांच्या प्रयोगांसाठी गाजलेल्या पाव्लोवांच्या शब्दांत. पाव्लोव स्वतः १९३६ मध्येच वारले होते. लुरियांची मेंदूशल्यचिकित्सा संस्थेतली प्रयोगशाळा गेली, ते अपंग मुलांच्या संस्थेत काम करू लागले. पुढची काही वर्षं त्यांच्या लेखनात "उच्च मज्जाव्यापार" हाच शब्द दिसतो. तुमच्या दोन रकान्यांना मी तिसरा जोडेन: त्या साली कुठला शब्द वापरावा लागत होता.

---

मृण्मयी_वाई · सोमवार, रात्री ८.३०

वाचाताई, तिसरा रकाना आजच आखला. वडिलांच्या पुस्तकातला लेनिनही आता त्याच रकान्यात गेला.

पाव्लोवांचा विरोधाभास मला फार टोचतो. लेनिननं जानेवारी १९२१ मध्ये खास हुकूम काढून त्यांच्या प्रयोगशाळेची आणि घरच्या शिध्याची सोय लावली होती. जगात नोबेल मिळालेलं नाव, ते देश सोडून जाऊ नये म्हणून. पाव्लोव सरकारला तोंडावर बोलत, अटकांविरुद्ध पत्रं लिहीत. असा माणूस गेल्यावर त्याची पोथी झाली आणि त्या पोथीनं त्याच्याच शिष्यांना, ऑर्बेली आणि अनोखिन यांना, झोडपलं गेलं.

---

सागर_नाशिक · सोमवार, रात्री ९.०५

म्हणजे बघा, संकटातच खरी प्रतिभा उजळते. बंदी आली नसती तर लुरिया डॉक्टर झाले नसते, आणि आज वाचाताईंच्या हाती ही विद्या नसती.

---

मृण्मयी_वाई · सोमवार, रात्री ९.५०

सागर, असं वाटणं साहजिक आहे, मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं. मग वहीत इसाक श्पिलराइन यांचं नाव आलं.

हे रशियातल्या मानसतंत्राचे प्रमुख. माणूस आणि काम यांचा मेळ कसा घालावा, हा त्यांचा विषय. लाल सैन्यातल्या शिपायांना कुठले शब्द समजतात आणि कुठले नाही, यावर त्यांनी १९२८ साली सहकाऱ्यांबरोबर पुस्तक काढलं. वर्तमानपत्रं आणि भाषणं शिपायाच्या डोक्यावरून जातात, हे मोजून दाखवणारं. १९३१ मध्ये मानसतंत्राची आंतरराष्ट्रीय परिषद मॉस्कोला भरली, तिचे अध्यक्ष तेच. जानेवारी १९३५ मध्ये अटक झाली. डिसेंबर १९३७ मध्ये गोळी घातली. त्यांचे दोन भाऊही त्याच लाटेत गेले. बहीण सबिना, युंग आणि फ्रॉइड यांच्या वर्तुळातली मनोविश्लेषक, १९२३ मध्ये मोठ्या आशेनं मायदेशी परतली होती. तिला आणि तिच्या दोन मुलींना १९४२ साली रोस्तोवमध्ये नाझींनी मारलं.

श्पिलराइन यांच्या बाबतीत अटकेनंतरच्या वर्षांसाठी छापल्याच्या सालाचा रकाना कोराच राहतो. जे लिहिलंच गेलं नाही त्याला साल कुठलं लावणार? ज्यांना आडवाट सापडली त्यांचीच पुस्तकं आपल्या हाती येतात, म्हणून आडवाटेचं कौतुक वाटतं.

---

सागर_नाशिक · सोमवार, रात्री १०.१०

हे मला माहीत नव्हतं. वरचं विधान मागे घेतो.

---

कझानकर · मंगळवार, रात्री १२.४०

मी रशियातल्या कझानला एमबीबीएस केलं, २००४ ते २०१०. महाराष्ट्रातली बरीच मुलं होतो आम्ही. धागा वाचून झोप उडाली, कारण ही सगळी गोष्ट त्या एका गावात मावते.

बेख्तेरेवांनी १८८५ च्या सुमारास रशियातली पहिली प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळा कझानलाच काढली. लुरिया तिथलेच, १९०२ चा जन्म, वडील नावाजलेले वैद्य. विशीत असताना त्यांनी कझानमध्ये मनोविश्लेषणाची मंडळी जमवली आणि फ्रॉइडला पत्र लिहिलं. फ्रॉइडचं उत्तरही आलं. आणि त्याच गावात ते तुरुंगवजा मनोरुग्णालय, जिथे सत्तरच्या दशकात धडधाकट माणसांना "उपचारा"साठी ठेवलं जाई. कवयित्री नताल्या गोर्बानेव्स्काया तिथे होत्या. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसले तेव्हा त्या लहान बाळाला ढकलगाडीत घेऊन लाल चौकात निषेधाला गेल्या.

आमच्या अभ्यासक्रमात पहिल्या दोन गोष्टी होत्या. तिसरीबद्दल मी बाहेरून वाचलं.

घरमालकीण आजी मात्र बोलायच्या. १९८९ मध्ये टीव्हीवर काश्पिरोव्स्की संमोहनानं रोग बरे करायचा आणि चुमाक नुसते हात हलवून पाणी "भारायचा", तेव्हा त्यांनी टीव्हीपुढे बरणी ठेवली होती. मी विचारलं, तुम्ही तर अभियंता होतात, विश्वास बसला? म्हणाल्या, पगार बंद, दुकानं रिकामी, नवरा पीत होता. डॉक्टरकडे मन मोकळं करायला जावं तर नोंद कायमची राहते ही भीती. बरणीची नोंद कुठे होत नव्हती.

---

निरंजन_ठाणे · मंगळवार, सकाळी ८.२०

कझानकर, शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

थोडी भर. मानसशास्त्र आणि मनोविकारचिकित्सा ही दोन वेगळी खाती आहेत. मनोविकारतज्ज्ञ स्नेझ्नेव्स्की यांच्या मॉस्को पंथानं "मंदगती स्किझोफ्रेनिया" हे निदान इतकं सैल ठेवलं की समाज सुधारण्याची ओढसुद्धा लक्षण ठरू शकली. राजवटीविरुद्ध बोलणारे जनरल ग्रिगोरेंको यांना १९६९ मध्ये ताश्कंदच्या डॉक्टरांनी निरोगी ठरवलं. मग मॉस्कोच्या सेर्ब्स्की या न्यायवैद्यक मनोचिकित्सेच्या संस्थेनं ते निदान फिरवलं. कीव्हच्या तरुण डॉक्टर सेम्योन ग्लुझ्मान यांनी ग्रिगोरेंको ठणठणीत आहेत असा अहवाल लिहिला आणि १९७२ मध्ये सात वर्षांची छावणी आणि तीन वर्षांची हद्दपारी पत्करली. १९७७ ला होनोलुलूच्या जागतिक मनोविकारचिकित्सा परिषदेत निषेध झाला, आणि १९८३ मध्ये हकालपट्टीच्या आधीच सोव्हिएत संघटना जागतिक संघटनेतून बाहेर पडली.

पण त्याच काळात मानसशास्त्राला मानाचं पान मिळत होतं हेही विसरू नये. १९६६ ला मॉस्कोत आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषद भरली. त्याच वर्षी मॉस्को आणि लेनिनग्राद विद्यापीठांत स्वतंत्र विद्याशाखा निघाल्या. मॉस्कोत पहिले प्रमुख लिओन्तिएव, व्हिगॉट्स्कींचे जुने सहकारी. अंतराळवीर आणि वैमानिक निवडायला मानसशास्त्रज्ञ लागत होते. तीस वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या श्पिलराइन यांचं जे काम होतं, जवळपास तेच काम.

---

मृण्मयी_वाई · मंगळवार, सकाळी १०.००

त्या शेवटच्या वाक्यासाठी आभार, निरंजन. मला हे जोडता आलं नव्हतं.

पुढचं मी धावतं सांगते. १९८६ मध्ये कार्ल रॉजर्स आणि व्हिक्टर फ्रँकल हे पाश्चात्त्य मानसोपचारतज्ज्ञ मॉस्कोला येऊन गेले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर फ्रॉइडची पुस्तकं रस्त्यावरच्या टपऱ्यांवर आली, आणि १९९६ च्या जुलैत रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी चक्क अध्यक्षीय हुकूम काढून मनोविश्लेषणाचं "पुनरुज्जीवन" करायला सांगितलं. बंदी हुकमानं आली होती, परतही हुकमानंच आली. मला यात हायसं वाटण्यासारखं काही दिसत नाही. २०१३ मध्ये मॉस्कोतल्या एका निदर्शकाला न्यायालयानं तुरुंगाऐवजी सक्तीच्या मनोरुग्णोपचारासाठी पाठवलं, त्यामागेही सेर्ब्स्की संस्थेचा अहवाल होता.

---

मास्तर_माणदेश · बुधवार, सायंकाळी ६.१५

आज आमच्या केंद्राची शिक्षण परिषद होती. मला पंधरा मिनिटं मिळाली. फळ्यावर दोनच सालं लिहिली, १९३४ आणि १९५६, आणि ताईंनी लिहिलेलं सगळं सांगितलं. नव्यानं लागलेल्या एका शिक्षिकेनं विचारलं, "सर, मधली बावीस वर्षं ते पुस्तक कुठं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. ताई, सांगाल का? पुढच्या परिषदेत तिला सांगायचं आहे.

---

मृण्मयी_वाई · बुधवार, रात्री ९.३०

मास्तर, घरांत होतं. व्हिगॉट्स्की गेले तेव्हा थोरली मुलगी गीता नऊ वर्षांची होती. हस्तलिखितं कुटुंबानं सांभाळली. गीता पुढे वडिलांच्याच विषयात, विशेष मुलांच्या शिक्षणात काम करू लागल्या. लिओन्तिएव आणि लुरिया यांनी १९५६ च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. बाईंना सांगा, ज्यांच्याकडे जुनी प्रत होती त्यांनी ती टाकून दिली नाही, म्हणून आपल्या डी.एड.च्या पुस्तकात ते अर्धं पान आलं.